बोर्डावर नसलेली चिप: डिव्हाइस ट्रीची पार्श्वभूमी

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या एका भट्टीवर छोटा लिनक्स बोर्ड बसवलेला आहे. के-टाइप थर्मोकपल वाचायचं आणि तापमान नोंदवून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. परवा त्याची डीटीएस फाइल, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलंय हे लिनक्सला सांगणारी डिव्हाइस ट्रीची मजकुरी फाइल, कामावर नवीन आलेल्या पोराच्या हातात दिली. अर्ध्या तासानं तो म्हणाला, ‘‘दादा, हितं रोमची डीएच२२२८एफव्ही लिवलीया. बोर्डावर तर कुठं दिसंना!’’

रोम ही चिप बनवणारी कंपनी. पण ती चिप दिसणार कशी, ती बोर्डावर नाहीच. तिथं थर्मोकपलची दुसरीच चिप आहे. मग नसलेल्या चिपचं नाव कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, का सांगितलं? याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे टिपण.

टेबलावरच्या पीसीला हा प्रश्न फारसा पडत नाही. पीसीआय कार्ड बनवणाऱ्याचा आणि उपकरणाचा क्रमांक अंगावर घेऊनच येतं, यूएसबीचंही तेच. उरलेलं मदरबोर्डावरचं सटरफटर एसीपीआयच्या तक्त्यांत येतं, जे फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, कर्नेलला देतं. ते तक्ते १९९६ पासूनचे. एसओसीचं, म्हणजे प्रोसेसर आणि बाकी उपकरणं एकाच चिपमध्ये असतात त्याचं, तसं नाही. यूआर्ट, म्हणजे सिरियल पोर्ट, अमुक पत्त्यावर, त्याची इंटरप्ट लाइन तमुक, हे कुणीतरी सांगावंच लागतं. आय-टू-सी आणि एसपीआय या बोर्डावर चिपा जोडायच्या दोन साध्या वाटा. आय-टू-सीवरची चिप पत्त्यावर हाक मारली की ‘ओ’ देते, पण नाव सांगत नाही. एसपीआयवरची तर ‘ओ’ही देत नाही.

हे सांगण्यासाठी उपकरणांचं झाड, म्हणजे डिव्हाइस ट्री. ही झाडाची कल्पना छोट्या बोर्डांवरच्या आर्म प्रोसेसरांची नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्पार्क वर्कस्टेशनच्या फर्मवेअरमध्ये ती आली. फर्मवेअर फोर्थ भाषेत लिहिलेलं, कार्डांवरही फोर्थचाच बाइटकोड, आणि त्यातून मशीन सुरू होताना उपकरणांचं झाड उभं राहायचं. १९९४ मध्ये त्याचं आयईईई १२७५ हे प्रमाण झालं, म्हणजेच ओपन फर्मवेअर. पॉवरपीसी प्रोसेसरच्या मशीनांनी ते उचललं. पुढं लिनक्सला एक अडचण आली. केएक्झेक वापरून एका कर्नेलमधून दुसरं कर्नेल सुरू करायचं, तर तोवर फर्मवेअर निघून गेलेलं असतं, दुसऱ्यानं विचारायचं कुणाला? शिवाय एम्बेडेड बोर्डांवर ओपन फर्मवेअर मुळातच नव्हतं. म्हणून २००५ च्या सुमारास पॉवरपीसीच्या मंडळींनी झाड सपाट करून एका बायनरी तुकड्यात घातलं. हीच ती डीटीबी; डीटीएस हे तिचं माणसाला वाचता येणारं रूप. तिच्या पहिल्या चार बाइटांत हेक्समध्ये जो आकडा असतो तो ‘ड्यूड फीड’ असा वाचता येतो. एवढी चेष्टा सोडली तर रचना आजही रुक्ष आणि मजबूत आहे.

मी जवळून पाहिला तो काळ त्यानंतरचा, आर्मचा. तेव्हा प्रत्येक बोर्डाला सी भाषेतली स्वतंत्र बोर्ड फाइल असायची. बूटलोडर, म्हणजे कर्नेल सुरू करून देणारा प्रोग्रॅम, प्रोसेसरच्या आर१ रजिस्टरमध्ये मशीनचा नंबर ठेवायचा, कर्नेल त्या नंबराची फाइल शोधून त्यातली उपकरणं नोंदवायचं. नंबर हजारोंच्या घरात गेले. फाउंड्रीवाल्यांच्या भाषेत, दर कास्टिंगला नवा पॅटर्न, आणि जुना मोडीत काढायला कुणी तयार नाही. दोन बोर्डांत फरक एका जीपीआयओ पिनचा, पण फायली दोन. मार्च २०११ मध्ये कर्नेलच्या मुख्य देखभालकर्त्यानं या पसाऱ्यावर उघड पत्रात, बऱ्यापैकी शिवराळ भाषेत, राग काढला. डिव्हाइस ट्रीची तयारी आधीपासून चालू होती, पण खरी पळापळ झाली ती त्या पत्रानंतर. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्म चिपांना एकच कर्नेल चालवण्याची सोय आली. ज्या जुन्या बूटलोडरना डीटीबी देणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी ती कर्नेलच्या शेपटीला जोडायची सोय केली गेली. ही जोडणी तात्पुरती म्हणून आली होती. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडसारखी ती बरीच वर्षं टिकली.

या सगळ्यात एक वाक्य मंत्रासारखं म्हटलं जायचं: डिव्हाइस ट्री हार्डवेअरचं वर्णन करते, कॉन्फिगरेशन नाही. ऐकायला सोपं आहे. पण खरा गुंता इथंच आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

सातबारा डोळ्यासमोर आणा. नमुना सात जमीन कुणाची, किती, हे सांगतो. नमुना बारा त्यात पीक काय ते सांगतो. पहिला वर्षानुवर्षं तसाच राहतो, दुसरा हंगामाला बदलतो, पण कागद एकच. डिव्हाइस ट्री फक्त नमुना सात असावी असा आग्रह होता, आणि नमुना बारा पहिल्या दिवसापासून आत शिरलेला होता. बोर्डावर एलईडी आहे आणि ती अमुक पिनला जोडली आहे, हा सात झाला. ती एलईडी हृदयाच्या ठोक्यासारखी लुकलुकावी, हे ‘लिनक्स,डिफॉल्ट-ट्रिगर’ या प्रॉपर्टीत लिहिलं जातं. हे पीक झालं, आणि तेही एकाच शेतकऱ्याचं, कारण नावातच लिनक्स आहे. ‘चोझन’ नावाच्या नोडमध्ये, म्हणजे झाडाच्या एका फांदीत, कर्नेलची कमांड लाइन, म्हणजे सुरू होताना त्याला द्यायच्या सूचना, असते. तिला हार्डवेअर म्हणायला कुणाची जीभ धजावेल?

यातून दुसरा वाद निघाला आणि तो जास्त पेटला. वर्णन जर हार्डवेअरचं असेल आणि हार्डवेअर बदलत नसेल, तर एकदा लिहिलेली डीटीबी कायम चालली पाहिजे. कारखान्यात फ्लॅशमध्ये टाकलेली डीटीबी दहा वर्षांनंतरच्या कर्नेललाही समजली पाहिजे. म्हणजे प्रॉपर्ट्यांची नावं आणि अर्थ, ज्यांना बाइंडिंग म्हणतात, ते करारासारखे पाळायचे. प्रत्यक्षात डीटीएस फायली कर्नेलच्याच सोर्समध्ये राहत होत्या, कर्नेलबरोबर बिल्ड होत होत्या, आणि बहुतेक लोक दोन्ही एकदम बदलत होते. त्यामुळं ड्रायव्हर लिहिणारा आज एक नाव द्यायचा, पुढच्या आवृत्तीत दुसरं. २०१३ मध्ये यावर महिनोन्‌महिने वाद झाला आणि ऑक्टोबरात एडिंबरात आर्मच्या कर्नेल मंडळींची बैठक झाली.

बाइंडिंग बदलायचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. नव्या चिपचं नीट वर्णन पहिल्या फटक्यात कुणालाच जमत नाही, आणि चुकलेलं बाइंडिंग जन्मभर गळ्यात बांधून घ्यायचं तर काम कुणी सुरूच करणार नाही. पण असं म्हणणाऱ्यांचे सगळे बोर्ड त्यांच्या टेबलावर होते, हातभर अंतरावर. भट्टीशेजारच्या पॅनेलमध्ये बंद असलेल्या बोर्डाचा बूटलोडर दर आवृत्तीला बदलायला कोण जातं? आणि तेही चालू शिफ्टमध्ये?

ठरलं ते मधलं. बाइंडिंगमध्ये भर घालता येईल, असलेल्या प्रॉपर्टीचा अर्थ बदलता येणार नाही. जुनी डीटीबी नव्या कर्नेलवर चाललीच पाहिजे. नवी डीटीबी जुन्या कर्नेलवर चालेल याची हमी नाही. फायली कर्नेलबाहेर स्वतंत्र भांडारात हलवायची बोलणी तेव्हाही झाली. मूळ फायली आजही कर्नेलमध्येच आहेत. बाहेर त्यांची प्रत निघते आणि यू-बूटसारखा बूटलोडर २०२४ पासून ती प्रत वापरू लागला आहे.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. एसपीआयवरच्या चिपशी थेट पायथनमधून बोलायचं असेल तर एसपीआयडेव्ह लागतं. लोक सरळ कम्पॅटिबल या, चिप कोणती ते सांगणाऱ्या, प्रॉपर्टीत ‘एसपीआयडेव्ह’ लिहायचे. पण एसपीआयडेव्ह ही चिप नव्हे, तो लिनक्समधला ड्रायव्हर. हे म्हणजे सातबारावर मालक म्हणून ट्रॅक्टरचं नाव. २०१५ मध्ये कर्नेल अशा डिव्हाइस ट्रीला सदोष ठरवून मोठ्यानं ओरडू लागलं, पुढं तर ते चालवूनच घेईना. तत्त्व बरोबर होतं. लोकांनी मात्र ड्रायव्हरच्या यादीत आधीपासून असलेलं एक नाव शोधलं, रोम,डीएच२२२८एफव्ही, आणि आपल्या बोर्डावर काहीही असो, तेच लिहायला लागले. इशारा बंद, काम चालू. हार्डवेअरबद्दल खरंच लिहा या नियमानं जगभरच्या बोर्डांवर एक खोटं नाव पसरलं, आणि आमच्या भट्टीवरही ते तसंच आलं.

मधल्या काळात बाकी बरंच घडलं. ओव्हरले आले, म्हणजे मूळ उतारा न बदलता वरून केलेला फेरफार. रास्पबेरी पाय २०१५ च्या सुरुवातीला डिव्हाइस ट्रीवर गेला, तेव्हापासून कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीत सेन्सर जोडणं शाळकरी पोरांनाही जमतं. त्याच वर्षी ६४ बिटी आर्म सर्व्हरसाठी कर्नेलनं एसीपीआयही स्वीकारलं. पुन्हा सगळं पीसीच्याच वळणावर जाणार अशी भीती घातली जात होती, तसं झालं नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. बाइंडिंग आता साध्या मजकुराऐवजी यॅमल स्कीमात, म्हणजे यंत्राला तपासता येईल अशा ठरावीक साच्यात, लिहिली जातात आणि चूक यंत्रच पकडतं. खोटेपणा मात्र यंत्राला पकडता येत नाही.

आणि ती चिप? आमच्या बोर्डावरच काय, ती कुठल्याच बोर्डावर नाही. रोमची खरी चिप बीएच२२२८एफव्ही, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी. ड्रायव्हरच्या यादीत नाव घालताना ‘बी’च्या जागी ‘डी’ पडला होता. २०२४ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं आणि बरोबर स्पेलिंग यादीत घातलं गेलं. चुकलेलं नाव मात्र काढलं नाही, कारण जुन्या डीटीबी नव्या कर्नेलवर चालल्या पाहिजेत.