संजीवनी, मरियम बूटी आणि जेरिकोचा गुलाब

आमच्या घरी पहिली संजीवनी पचमढीहून आली. आजीने ती सुकी जुडी रात्री पितळी ताटलीत भिजत घातली आणि सकाळी हिरव्या फांद्या पसरलेल्या दिसल्या. पुढे शेजारच्या खाला हजहून मरियम बूटी घेऊन आल्या. आता नागपुरात घरबसल्या ‘जेरिकोचा गुलाब’ही मागवता येतो. तिन्ही पाण्यात उमलतात, म्हणून त्यांना एकच समजलं जातं आणि निगा चुकते.

जुना मान मरियम बूटीचा. अरबस्तान ते उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातली ही मोहरीच्या कुळातली वनस्पती. बाळंतपणाच्या वेळी ती पाण्यात ठेवतात. ती उमलते तशी बाई सुखरूप मोकळी व्हावी, ही त्यामागची श्रद्धा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली तिचं नाव ग्रीक भाषेतल्या ‘पुनरुत्थान’ या शब्दावरून ‘अनास्टॅटिका’ ठेवलं. खरं तर ती वाळली की मेलेलीच असते. तिच्या काटक्या पाणी शोषून उलगडतात, म्हणजे पाऊस आल्यावरच बी बाहेर पडावं. ती वाढवायची तर बी पेरायला हवं.

विकत मिळणारा ‘जेरिकोचा गुलाब’ बहुधा मेक्सिकोच्या चिवावा वाळवंटातला सेलाजिनेला, म्हणजे नेच्यांच्या दूरच्या नात्यातली एक वनस्पती असतो. पॅलेस्टाईनमधल्या जेरिको शहराशी त्याचा संबंध नाही, नाव मरियम बूटीकडून उसनं घेतलेलं आहे. पण हा मात्र सुकूनही खरोखर जिवंत राहतो. त्याला ना फूल, ना बी; तो बीजाणूंवर वाढतो. सुकताना ट्रेहॅलोज नावाची साखर त्याच्या पेशींना सांभाळते.

आपली संजीवनी याचीच भारतीय बहीण, सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस. वाळवंटातली नव्हे, मध्य भारतातल्या डोंगरकड्यांवरची. लक्ष्मणाला शुद्धीवर आणणारी ती हीच का, याचा शोध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकातल्या एका लेखाने घेतला, तेव्हा शेवटच्या दावेदारांत ती होती.

या दोन्ही सेलाजिनेलांना उथळ ताटलीत, शक्यतो पावसाच्या पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पांढरे क्षार चढतात. कडक ऊन नको. आठवडाभराने बाहेर काढून सावलीत हळूहळू सुकू द्या; सतत पाण्यात राहिली की ती कुजते. मे महिन्यात मी तिला झळा लागणाऱ्या गॅलरीत ठेवत नाही, घरात कोरडीच राहू देते आणि मृग बरसला की पुन्हा भिजवते.