विहिरीवरची मोटर आणि जुन्या ट्रकचा डिझेल पंप

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की शेतकरी मोटरही खाली उतरवतो. वरच ठेवली तर ती हवा धरते. पाणी वर ढकलायला पंपाला जोर असतो, पण खालून ओढून घेताना तो लगेच कमी पडतो. जुन्या डिझेल ट्रकसाठी टाकीतून इंजिनकडे डिझेल पोचवणारा इलेक्ट्रिक पंप घ्यायचा असेल तर ही विहीर डोळ्यांसमोर ठेवावी. कारण नेमकी हीच चूक एका नावाजलेल्या ट्रकमध्ये झाली होती.

१९९८च्या मध्यापासून २००२पर्यंत अमेरिकेत विकले गेलेले डॉज रॅमचे डिझेल ट्रक. त्यांत कमिन्सचं ५.९ लिटरचं, २४ व्हॉल्व्हचं इंजिन होतं. हे बी सिरीजचं घराणं आपल्याही ओळखीचं आहे, टाटा कमिन्सने जमशेदपूरला याच सिरीजची इंजिनं बनवली. इंजिन दणकट, पण रॅमवर त्याला बॉशचा व्हीपी४४ हा इंजेक्शन पंप, म्हणजे मोठ्या दाबाने डिझेल इंजिनात सोडणारा पंप, जोडला होता. त्याआधीच्या इनलाइन पंपाला इंजिन ऑइलचं वंगण मिळत असे. व्हीपी४४ला वंगण डिझेलचंच आणि थंडावाही डिझेलचाच. त्याला डिझेल पोचवणारा छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला होता थेट इंजिनच्या ब्लॉकवर. टाकी मागे, चेसिसला खाली टांगलेली. म्हणजे मोटर विहिरीच्या काठावर, त्यात इंजिनची धग आणि थरथर वेगळीच.

ओढताना पाइपात काय होतं? डिझेलमध्ये थोडी हवा विरघळलेली असतेच. ओढीने दाब कमी झाला की ती बुडबुडे होऊन बाहेर पडते, सोड्याची बाटली उघडल्यावर दिसते तशी. बुडबुड्यात वंगण नसतं. इंजेक्शन पंपातले घासून फिरणारे भाग तेवढा क्षण कोरडे पडतात, आणि तिथूनच झीज सुरू होते.

सगळ्यात वाईट भाग असा की ड्रायव्हरला काही कळत नाही. व्हीपी४४च्या पोटात स्वतःचा एक वेन पंप, म्हणजे फिरत्या पात्यांचा छोटा पंप, असतो. बाहेरचा छोटा पंप मेला तरी तो डिझेल ओढत राहतो आणि ट्रक धावत राहतो. ट्रकच्या कंप्यूटरवर पी०२१६ हा बिघाडाचा कोड येतो तेव्हा बहुतेक वेळा महागडा इंजेक्शन पंप आतून झिजलेला असतो. म्हणून माझं ठाम मत आहे, पंपाच्या आधी प्रेशर गेज विकत घ्या. ते फिल्टरच्या पुढे, इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी जोडा. गाडी जागेवर सुरू असताना सुई १४ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. त्यावर जाऊ नका. मागे ट्रेलर लावा, चढ गाठा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मग सुईकडे बघा. चढावरही १०च्या खाली जात नसेल तर पंप चांगला. १४वरून ३वर घसरली तर पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा लाइन बारीक आहे.

नवा पंप घेताना दाबाइतकंच महत्त्व प्रवाहाला द्या. २३५ अश्वशक्तीचं हे इंजिन पूर्ण जोरात चालताना तासाला साधारण ४५ लिटर डिझेल जाळतं. पंप मात्र त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरवणारा लागतो, कारण उरलेलं डिझेल इंजेक्शन पंपातली उष्णता घेऊन टाकीत परत जातं. या ट्रकांसाठी बाजारात तासाला ३६०–३८० लिटरचे पंप मिळतात, ते यासाठीच. पेट्रोलसाठी बनवलेला स्वस्त पंप लावू नका. डिझेल पेट्रोलपेक्षा कितीतरी घट्ट असतं, थंडीत आणखी घट्ट होतं, आणि ते ढकलता ढकलता मोटर तापते. पंप डिझेलसाठीच बनवलेला आणि सतत चालण्याच्या रेटिंगचा हवा. बसवायचा टाकीजवळ, शक्य तितका खाली.

वायरिंगकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. रॅमचा मूळ पंप थेट इंजिनच्या कंप्यूटरकडून करंट घेतो. मोठा पंप त्याच तारेवर टाकला तर कंप्यूटर जळण्याची भीती. त्या तारेने फक्त रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच, चालवायचा, पंपाचा करंट फ्यूज लावून बॅटरीवरून घ्यायचा. गंजलेल्या जोडात ०.१ ओहमचा रोध असला आणि १० अँपिअर करंट वाहत असला, तर तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो. मोटर तेवढी मंद फिरते आणि दोष मात्र नव्या पंपाला दिला जातो. इंजिन बंद पडलं की पंपही बंद झाला पाहिजे. अपघातात लाइन तुटली तर तो रस्त्यावर डिझेल ओतत राहता कामा नये.

जुने रबरी पाइपही त्याच वेळी बदलून टाका. पंपाच्या मागच्या, म्हणजे टाकीकडच्या ओढीच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. खाली डाग दिसत नाही म्हणून मेकॅनिकही फसतो. अशा वेळी संशयित लाइनच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा घालून इंजिन चालवावं. बुडबुडे धावताना डोळ्यांनी दिसतात.

सगळं बसवून लाइनमधली हवा काढली की पहिल्याच चढावरचा आकडा वहीत लिहून ठेवा. काही महिन्यांनी त्याच चढावर सुई खाली आलेली दिसली, तर आधी फिल्टर बदला, पंपाला हात नंतर लावा.