लहान शहरातील नळाचे पाणी : गुणवत्ता आणि सुरक्षितता

महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या गावांत नळाला चोवीस तास पाणी नसते. कुठे ते रोज तासभर येते, कुठे दिवसाआड, तर टंचाईच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी. पाण्याची सुरक्षितता या खंडावर जितकी अवलंबून असते, तितकी शुद्धीकरण केंद्रावरही नसते. केंद्रातून चांगले निघालेले पाणी घरी पोचेपर्यंत वाटेत बिघडते.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक म्हणजे आयएस १०५०० : २०१२. त्यानुसार गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा. दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही नसावा. मुक्त अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे जंतू मारून पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडतो तो हा अवशिष्ट क्लोरीनचा आकडा.

केंद्रात काय होते

जॅकवेलमधून, म्हणजे नदी किंवा तलावातून पाणी उपसण्याच्या विहिरीतून, आलेल्या कच्च्या पाण्यात तुरटी मिसळतात, गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या गाळण्यातून काढतात आणि शेवटी त्यात क्लोरीन देतात. तुरटीची मात्रा जार टेस्टने ठरते. एकेक लिटरच्या सहा भांड्यांत वाढत्या मात्रा घालून मिनिटभर जोरात, मग पंधरा-वीस मिनिटे सावकाश ढवळायचे आणि अर्धा तास स्थिर ठेवायचे. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी निवळते ती त्या दिवसाची मात्रा. पहिल्या पुराबरोबर नदीचे पाणी काही तासांत बदलते. त्या दिवशीही उन्हाळ्यातल्याच हिशेबाने तुरटीच्या लाद्या टाकल्या, तर गढूळपणा गाळण्यापलीकडे जातो. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन वाया जातो.

लहान योजनांत क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, वापरतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि उघडे पोते यांमुळे तो उडून जातो. एक लाख लिटरच्या टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतो: ३३ टक्क्यांची पावडर ६०० ग्रॅम, २० टक्क्यांची असेल तर पूर्ण किलोभर. पोत्यातले बळ न तपासता मापाने पावडर टाकणे ही नेहमीची चूक आहे. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवून अर्धा तास ठेवावी. वरची निवळी तेवढी टाकीत सोडावी आणि तळाचा चुना फेकून द्यावा. कोरडी पावडर थेट टाकली, तर ती तळाशी बसते. क्लोरीनला जंतू मारायला निदान अर्धा तास मिळाला पाहिजे. टाकी भरताभरता व्हॉल्व्ह उघडला, तर जवळच्या घरांच्या पाण्याला तेवढा वेळ मिळत नाही. पाण्याचा सामू ८ च्या वर गेला, तर क्लोरीनचा जंतुनाशक जोरही बराच कमी होतो.

वाटेतला बिघाड

पाणी बंद झाले की नळवाहिनी रिकामी होते आणि आतला दाब जातो. मग गटारातून गेलेल्या गंजक्या जोडणीच्या छिद्रातून किंवा सांडपाण्यात बुडालेल्या व्हॉल्व्ह चेंबरमधून बाहेरचे घाण पाणी आत शिरते. नळाला थेट मोटर लावली की हे ओढणे आणखी वाढते. एका घराची मोटर अख्ख्या गल्लीच्या पाण्यात गटार ओढू शकते, म्हणून या सवयीकडे पाणीचोरीइतकेच आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे. पिण्याची वाहिनी गटारापासून आडवे ३ मीटर दूर असावी, आणि ओलांडायचीच झाली तर गटाराच्या वरून न्यावी. जुन्या पेठांतल्या बोळांत ही जागा क्वचितच मिळते. तिथे घरजोडणीचा तुकडा तरी गटारातून बाहेर काढून उंचावर घेता येतो, आणि तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

दूषित पाण्याने अतिसार, विषमज्वर आणि कावीळ होते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या उपशाच्या ठिकाणी मैलापाणी शिरले. क्लोरीन वाढवल्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. जपून ठेवलेले रक्तद्रवाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नंतर तपासले, तेव्हा ती हिपॅटायटिस ए किंवा बी नसल्याचे कळले. तोच आजचा हिपॅटायटिस ई. गर्भवतींना तो जिवावर बेतू शकतो. इचलकरंजीतही २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती.

नळावरची तपासणी

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणी कुणीही करू शकतो. नळीत १ मिलिलिटर पाणी घेऊन ०.१ मिलिलिटर द्रावण टाकायचे आणि पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग पट्टीशी ताडायचा. रंग त्यानंतर सावकाश चढला, तर तो संयुक्त क्लोरीन, म्हणजे पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला. त्याचा जोर फार कमी असतो. द्रावण विषारी असल्याने तपासलेले पाणी हांड्यात परत ओतू नये. चाचणी जलकुंभाजवळ घेऊन उपयोग नाही. ती वाहिनीच्या शेवटच्या घरी, पाणी आल्यावर पाच मिनिटांनी आणि जाण्याआधी, अशी दोनदा घ्यावी. पहिले पाणी गढूळ आणि वासाचे असते, ते पिण्यासाठी भरू नये. प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा. निर्जंतुक बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे थायोसल्फेट हवे, नाहीतर उरलेला क्लोरीन बाटलीतच जंतू मारतो. नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांत पोचवावा.

घरी पाणी खळखळ उकळले की जंतू मरतात, पण नायट्रेट आणि क्षार जात नाहीत. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे ते उघड्या माठात ठेवले तर सहज दूषित होते. झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे हवेच.

वाहिनीची गळती दुरुस्त केल्यावर तो भाग धुऊन, भरपूर क्लोरीन भरून काही तास ठेवावा, मग पूर्ण रिकामा करावा. टोकाच्या नळावर ओटीचा रंग नेहमीच्या पातळीला आल्यावर आणि जिवाणूचा नमुना निर्दोष आल्यावरच ती वाहिनी पिण्यासाठी मोकळी करावी.