इराक युद्ध : एक मतदान पाच महिने आधी, दुसरं दोन दिवस आधी

१७ मार्च २००३च्या रात्री रॉबिन कुक ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मागच्या बाकावरून बोलायला उभे राहिले. तिथून बोलायची वीस वर्षांतली त्यांची ही पहिलीच वेळ. त्याच दिवशी त्यांनी टोनी ब्लेअर यांच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. ते सभागृह नेते होते आणि त्याआधी चार वर्षं परराष्ट्रमंत्री. सर्वसंहारक अस्त्रं म्हणजे आपण जे समजतो, ते इराककडे बहुधा नाहीच, असं ते म्हणाले. २०००च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या अर्धवट भोकं पडलेल्या मतपत्रिकांचा कौल उलटा लागून जॉर्ज बुश यांच्याऐवजी अल गोर निवडून आले असते, तर आज ब्रिटिश सैनिक पाठवायची वेळच आली नसती, हेही त्यांनी सुनावलं. भाषण संपलं तेव्हा काही खासदार उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आपल्या संसदेत बाकं वाजतात, कॉमन्समध्ये ‘हिअर, हिअर’ म्हणायची पद्धत आहे. टाळी तिथे शिष्टाचारात बसत नाही.

त्याआधी महिनाभर, १२ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनमध्ये पंचाऐंशी वर्षांचे सिनेटर रॉबर्ट बर्ड बोलत होते. राज्यघटनेची छोटी प्रत कायम खिशात बाळगणारा हा माणूस. युद्ध तोंडावर आलंय आणि हे सभागृह मात्र गप्प आहे, ना वाद ना चर्चा, अशी त्यांची तक्रार होती.

युद्ध एकच, दोन्ही देश एकाच बाजूचे आणि गुप्तचरांची माहितीही बरीचशी वाटून घेतलेली. मग एकीकडे गदारोळ आणि दुसरीकडे शुकशुकाट का? याचं एक कारण साधं आहे. अमेरिकेचं मतदान तोवर उरकलं होतं.

युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या संसदेला, दिला आहे, पण रीतसर युद्धघोषणा १९४२नंतर झालेलीच नाही. तिच्या जागी आले ठराव. १९६४चा टोंकिन आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला आणि त्याच्या जोरावर व्हिएतनाम युद्ध वाढत गेलं. हात पोळल्यावर काँग्रेसने १९७३मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून राष्ट्राध्यक्षांना वेसण घालणारा कायदा केला. कागदावर वेसण बरी होती.

पण २००२मध्ये डेमोक्रॅट्सना जास्त आठवत होतं ते १९९१. कुवेतच्या युद्धाला सिनेटने ५२ विरुद्ध ४७ अशी काठावरची मंजुरी दिली होती आणि बहुतेक डेमोक्रॅट विरोधात गेले होते. ते युद्ध झटपट जिंकलं गेलं, आणि विरोध करणारे तोंडघशी पडले. पुन्हा तसं व्हायला नको होतं. त्यात ११ सप्टेंबरचा हल्ला ताजा आणि ५ नोव्हेंबरला काँग्रेसची मध्यावधी निवडणूक. ठराव आला ऑक्टोबरमध्ये. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. डेमोक्रॅट सिनेटरांपैकी २९ जण बाजूने, २१ विरोधात. १९९१मध्ये ‘नाही’ म्हणणारे जॉन केरी या वेळी ‘हो’ म्हणाले. हिलरी क्लिंटन आणि जो बायडनही.

त्या ठरावात युद्ध करा असं म्हटलं नव्हतं. गरज वाटली तर करा, गरज कधी ते तुम्हीच ठरवा, असा मामला होता. म्हणजे प्रश्न इराकचा उरलाच नाही, राष्ट्राध्यक्षांवर भरवसा आहे की नाही एवढाच राहिला. निवडणुकीच्या तोंडावर त्याला ‘नाही’ म्हणायला धाडस लागतं.

ब्रिटनमध्ये सगळं उलटं. तिथे युद्धाचा निर्णय हा राजाचा विशेषाधिकार, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांचा. कॉमन्सला विचारायचं कायदेशीर बंधन नाही. १९५६मध्ये सुएझ कालव्यावरच्या लष्करी कारवाईआधी पंतप्रधान अँथनी ईडन यांनी विचारलं नव्हतं, तेव्हा इतका गोंधळ झाला की सभागृहाचं कामकाज थांबवावं लागलं. ब्लेअर यांनी विचारलं, कारण त्यांचाच मजूर पक्ष हाताबाहेर चालला होता. लंडनच्या रस्त्यांवर १५ फेब्रुवारीला प्रचंड मोर्चा निघाला आणि २६ तारखेला १२१ मजूर खासदारांनी बंड केलं. १८ मार्चला, बॉम्ब पडायच्या दोन दिवस आधी, पंतप्रधान स्वतः सभागृहात उभे राहिले आणि मध्येच उठणाऱ्या खासदारांना तोंड देत राहिले. बुश यांना काँग्रेससमोर असं कधी उभं राहावं लागलं नाही, तिथे तशी सोयच नाही. रात्री खासदार रांगेने ‘हो’ आणि ‘नाही’च्या दोन दालनांतून गेले आणि मोजले गेले. ‘युद्धाची गरज सिद्ध झालेली नाही’ ही दुरुस्ती ३९६ विरुद्ध २१७ मतांनी पडली. त्या २१७मध्ये १३९ जण सत्ताधारी पक्षाचे होते. विरोधी बाकांवरचे हुजूर पक्षाचे बहुतेक लोक मात्र ब्लेअर यांच्या पाठीशी, त्यामुळे सरकारला धोका नव्हता. मुख्य ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी पार पडला.

वादाचा विषयही वेगळा होता. ब्रिटनमध्ये घोडं अडलं ते ‘हे कायदेशीर आहे का’ यावर. इराकला शस्त्रं सोडायची शेवटची संधी देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १४४१ क्रमांकाच्या ठरावाने पुरतं की दुसरा ठराव हवा? ब्रिटन आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य, अमेरिका नाही, त्यामुळे ब्रिटिश सेनाप्रमुखालाही स्पष्ट हमी हवी होती. अॅटर्नी जनरल गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला दिलेल्या सल्ल्यात बऱ्याच शंका होत्या. १७ तारखेला संसदेत आलं ते पानभराचं निःशंक उत्तर. मूळ सल्ला २००५च्या निवडणुकीच्या तोंडावर फुटला. अमेरिकेत हा प्रश्न कधी मुख्य झालाच नाही.

(आपली लोकसभाही यातून सुटली नाही. एप्रिल २००३मध्ये, मनोहर जोशी अध्यक्ष असताना, ठरावात हिंदीत ‘निंदा’ हा शब्द आला आणि इंग्रजीत त्याहून मवाळ. दोन्ही बाजू खूश.)

पुढचा हिशेबही दोन्हीकडे आपापल्या रिवाजाने झाला. ब्रिटनने चौकशा नेमल्या. हटन आणि बटलर यांचे अहवाल २००४मध्ये आले, मग चिलकॉट यांची चौकशी. तिचा अहवाल २०१६मध्ये आला, बारा खंड आणि सव्वीस लाख शब्द. त्यात ब्लेअर यांचं जुलै २००२चं बुश यांना पाठवलेलं टिपण होतं : ‘काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन.’ म्हणजे कॉमन्समधल्या मतदानाच्या आठ महिने आधी. स्वतः ब्लेअर २००५मध्ये पुन्हा निवडून आले, फक्त बहुमत १६७वरून ६६वर घसरलं.

अमेरिकेत वसुली मतपेटीतून झाली. २००४मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी लढणाऱ्या केरींना आपलं मत धड समजावता आलं नाही. २००८मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्या ‘हो’समोर बराक ओबामा उभे होते. ऑक्टोबर २००२मध्ये ते इलिनॉयच्या विधिमंडळात होते, शिकागोच्या सभेत त्यांनी या युद्धाला मूर्खपणाचं म्हटलं होतं, आणि त्यांना काँग्रेसमध्ये मत द्यायची वेळच आली नव्हती. नशीब म्हणतात ते हेच.

ब्रिटनमध्ये २००३च्या त्या मतदानाचा पायंडा पडला असं सगळे धरून चालले. लिबियावर २०११मध्ये ते झालं, पण हल्ले सुरू झाल्यावर दोन दिवसांनी, वरातीमागून घोडं. २९ ऑगस्ट २०१३ला मात्र सीरियावरच्या लष्करी कारवाईचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि डेव्हिड कॅमेरन यांनी तिथल्या तिथे माघार घेतली. दोन दिवसांनी ओबामांनीही आपण आधी काँग्रेसला विचारू असं जाहीर केलं. दोन्ही सभागृहांत ते मतदान शेवटपर्यंत झालंच नाही.

एप्रिल २०१८मध्ये पुन्हा सीरिया. संसदेला ईस्टरची सुट्टी होती. थेरेसा मे यांनी विचारलं नाही, ट्रम्प यांनीही नाही. शनिवारी पहाटे हल्ला झाला आणि खासदार सोमवारी कामावर परतले.