बँडविड्थ ०.५, पण कोणत्या मापात?

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचं गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं आहे. ते किती मिनिटं उसळलं यावरून पुढच्या उसळीला किती वेळ लागेल, याचा अंदाज बांधता येतो. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा २७२ नोंदी आयत्या मिळतात.

नादाराया आणि वॉटसन यांनी १९६४ साली मांडलेल्या कर्नल रिग्रेशनमध्ये आसपासच्या नोंदींची सरासरी काढतात. सहसा जवळच्या नोंदीला वजन जास्त; अंतरानुसार वजन ठरवणारं सूत्र म्हणजे कर्नल. ‘आसपास’ म्हणजे किती, हे बँडविड्थ ठरवते. ती फार लहान असली तर वक्र एकेका नोंदीमागे धावतो, फार मोठी असली तर खरे चढउतारही पुसले जातात. कर्नलचा आकार त्यामानाने दुय्यम.

‘आर’मधल्या ‘केस्मूथ’ या फंक्शनला काही सांगितलं नाही तर ते चौकोनी कर्नल (खिडकीतल्या सगळ्या नोंदींना सारखं वजन, बाहेरच्यांना शून्य) आणि ०.५ बँडविड्थ घेतं, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.२५. डेटा काय आहे हे ते पाहतच नाही. उसळीचा काळ मिनिटांत असेल तर निदान काहीतरी वक्र निघतो. तोच काळ सेकंदांत लिहिला की खिडकी दोन्ही बाजूंना जेमतेम पाव सेकंदाची होते, बहुतेक ठिकाणी तिच्यात एकही नोंद सापडत नाही आणि उत्तराच्या जागी ‘एनए’ (म्हणजे आकडा नाही) येतं. शिवाय घंटेच्या आकाराचा नॉर्मल (म्हणजेच गाउसियन) कर्नल निवडला तरी इथली बँडविड्थ म्हणजे प्रमाण विचलन नव्हे. विचलन तिच्या ०.३७ पट असतं. ‘आर’च्याच ‘एनपी’ पॅकेजमध्ये गाउसियन कर्नलची बँडविड्थ हेच विचलन असतं. तिथला ०.३ हा आकडा ‘केस्मूथ’मध्ये ०.८१ होतो. दोन पॅकेजांचे वक्र जुळत नसले, तर आधी हे तपासा.

आकडा डेटावरूनच काढावा. एक नोंद बाजूला ठेवायची, उरलेल्या २७१ नोंदींवरून तिचा अंदाज काढायचा, अंदाज जितका चुकला त्या फरकाचा वर्ग घ्यायचा. असं प्रत्येक नोंदीचं करून बेरीज सर्वांत कमी ठेवणारी बँडविड्थ घ्यायची. ‘एनपी’ हेच करतं. तरीही बँडविड्थनुसार ही बेरीज कशी बदलते, याचा आलेख जरूर काढा. त्यात एकाहून जास्त खळगे असू शकतात आणि शोध चुकीच्या खळग्यात अडकतो; म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करावी. फाईलमध्ये त्याच ओळी दोनदा आल्या असतील तर बाजूला ठेवलेल्या नोंदीचं जुळं आतच राहतं आणि बँडविड्थ शून्याकडे घसरते. रोजच्या तापमानासारख्या, आदल्या दिवसाशी जोडलेल्या आकड्यांतही ती अवाजवी लहान येते.

ओल्ड फेथफुलच्या उसळ्या बहुतेक दोन किंवा साडेचार मिनिटांच्या आसपास असतात. तीन मिनिटांपाशी नोंदी विरळ, त्यामुळे तिथला वक्र मोजक्या ठिपक्यांवर उभा असतो. एकच बँडविड्थ सगळीकडे लावण्याऐवजी तिथे ठरावीक संख्येचे शेजारी घेणारी बदलती बँडविड्थ वापरून पाहावी. दोन्ही टोकांना शेजारी एकाच बाजूला असतात आणि साधी सरासरी तिकडे ओढली जाते. तिथे स्थानिक सरळ रेषा बसवणारा पर्याय निवडावा. मात्र पर्याय बदलला की बँडविड्थ पुन्हा शोधावी लागते, जुना आकडा चालत नाही.