मॅडम वॉकर: धुण्याच्या टबापासून कारखान्यापर्यंत

केस सरळ करणारा तापता कंगवा अमेरिकेतल्या काळ्या उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांनी शोधला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. तो कंगवा आधीपासून वापरात होता. त्यांचं खरं काम त्याहून मोठं होतं.

२३ डिसेंबर १८६७ रोजी अमेरिकेत लुइझियानातल्या डेल्टा गावी, कापसाच्या मळ्यावर त्यांचा जन्म झाला. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. आईवडील आधी त्याच मळ्यावर गुलाम होते. घरात स्वतंत्र जन्मलेलं हे पहिलं मूल. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात लहानगी लेलिया. सेंट लुइसला भाऊ न्हाव्याचा व्यवसाय करत. त्या तिकडे गेल्या आणि लोकांचे कपडे धुऊ लागल्या. रोज जेमतेम दीड डॉलर.

तिथे त्यांचे केस गळू लागले. हे एकट्या सारा यांचं दुखणं नव्हतं. घरात नळ नाही, त्यामुळे न्हाणं क्वचितच. त्यात कडक साबण. डोक्यात खपल्या धरत, टक्कल पडे. काळ्या स्त्रियांच्या केसांसाठी ॲनी टर्नबो मलोन औषध बनवत होत्या आणि सारा सुरुवातीला तेच विकत. मलोन यांचं नाव बहुतेक वेळा गाळलं जातं, म्हणून मुद्दाम नोंदवते.

१९०५ मध्ये त्या डेन्व्हरला गेल्या. पुढच्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न झालं आणि नवऱ्याचं नाव स्वतःच्या मलमाच्या डबीवर आलं. मलमात मुख्यतः पेट्रोलियम जेली आणि गंधक. गंधक हा जुनाच उपाय. नवं होतं ते शिकवणं. समोर बाई बसवायची, केस स्वच्छ धुवायचे, टाळूला मलम चोळायचं आणि हे सगळं तिच्यासारख्याच दुसरीला शिकवायचं. १९०८ मध्ये पिट्सबर्गला त्यासाठी शाळा निघाली, १९१० पासून कारभार इंडियानापोलिसहून चालू लागला. धुणी किंवा घरकाम एवढीच वाट असलेल्या हजारो स्त्रियांच्या हाती स्वतःची कमाई आली. मला हाच त्यांचा सर्वांत मोठा वारसा वाटतो.

१९१२ मध्ये काळ्या व्यावसायिकांच्या अधिवेशनात काळ्या समाजाचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना बोलू देईनात. अखेरच्या दिवशी त्या सरळ उभ्या राहिल्या. कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबाकडे, तिथून स्वयंपाकघरात आणि तिथून स्वतःच्या जमिनीवरच्या स्वतःच्या कारखान्यात आपण कशा आलो, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. पुढच्या वर्षी त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

१९१७ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांनी आपल्या विक्रेत्या स्त्रियांचं अधिवेशन भरवलं. दोनशेहून अधिक जणी आल्या. बक्षिसं विक्रीसाठी होती, तशीच सर्वाधिक दानधर्म करणाऱ्यांसाठीही. ईस्ट सेंट लुइसमध्ये काळ्यांची हत्याकांडं नुकतीच झाली होती. त्यांचा निषेध करणारी तार याच अधिवेशनाने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पाठवली.

२५ मे १९१९ रोजी, ५१व्या वर्षी त्या गेल्या. कंपनीची सूत्रं लेलियाकडे आली.