पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, निकामी किडनी आणि व्हँकोमायसिनची सवय

पेनिसिलिन शरीराबाहेर टाकते ती मुख्यतः किडनी, आणि तेही झपाट्याने. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये औषध इतकं अपुरं होतं, की रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून वापरलं गेलं. किडनी बंद पडली की अर्ध्या तासाचं अर्धायुष्य दहा तासांपर्यंत लांबतं. म्हणजे रिअ‍ॅक्शन आली, तरी तिला कारण ठरलेलं औषध अंगातून लवकर हलत नाही.

१९६० मध्ये सिअ‍ॅटलला डॉ. स्क्रिबनर यांचा शंट, म्हणजे रक्तवाहिन्यांत कायम ठेवायची नळी, आला. डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं आणि शंटवाटे त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस हा जंतू रक्तात शिरू लागला. बोर्निओच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक १९५८ पासून बाजारात होतं. तेही किडनीवाटेच जातं, आणि जुन्या डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या) पडद्यातून ते जवळपास गाळलंच जात नसे. आठवड्याला १ ग्रॅम दिलं की काम भागायचं. केसपेपरवर ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ दिसली, की सरळ व्हँकोमायसिन, पुढे कोण कशाला विचारतंय!

मोठ्या छिद्रांचे हाय-फ्लक्स पडदे रुळल्यावर हे गणित चुकलं. एका सेशनमध्ये औषधाचा मोठा हिस्सा निघून जातो. म्हणून आता किलोमागे २०–२५ मिलिग्रॅमचा पहिला डोस आणि पुढे रक्तातली पातळी पाहून दर सेशनला डोस. १ ग्रॅम तासाभरापेक्षा कमी वेळात सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते. ही बहुधा खरी अ‍ॅलर्जी नसते, वेगाचा परिणाम असतो. तरी केसपेपरवर ‘व्हँकोमायसिन अ‍ॅलर्जी’चा दुसरा शिक्का बसतोच.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकॉकस (आतड्यातले जंतू) १९८८ मध्ये लंडनच्या किडनी विभागातून नोंदले गेले. २००२ मध्ये मिशिगनमध्ये पूर्ण प्रतिरोधक स्टॅफिलोकॉकस सापडला, तोही डायलिसिसच्या रुग्णात. शिवाय मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्याच कुळातल्या औषधाला) दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर व्हँकोमायसिनपेक्षा सेफॅझोलिन हे सेफॅलोस्पोरिन गटातलं औषध अधिक गुणकारी. ते डायलिसिसनंतर २ ग्रॅम, दोन सेशनमधल्या लांब सुट्टीआधी ३ ग्रॅम दिलं जातं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या दहा टक्के रुग्णांना सेफॅलोस्पोरिनही बाधतं, हा आकडा जुना. तेव्हाच्या औषधात पेनिसिलिनची भेसळ राहून जाई. अ‍ॅलर्जी बरेचदा रेणूच्या बाजूच्या साखळीला ओळखते, आणि सेफॅझोलिनची ही साखळी तर कुठल्याच पेनिसिलिनशी जुळत नाही.

पर्याय उरलाच नाही तर डिसेन्सिटायझेशन, म्हणजे अगदी थोड्यापासून डोस वाढवत शरीराला औषध तात्पुरतं सहन करायला लावणं. पेनिसिलिनच्या १९८५ च्या तोंडी पद्धतीत १०० युनिटपासून दर पंधरा मिनिटांनी डोस दुप्पट करत १४ डोस, एकूण सुमारे १३ लाख युनिट. ही सहनशीलता औषध अंगात असेपर्यंतच टिकते, आणि डायलिसिस नेमकं तेच काढून घेतं. त्यामुळे डोस आणि सेशन यांचं वेळापत्रक एकत्रच आखावं लागतं. पूर्वी त्वचा सोलवटली असेल किंवा ‘ड्रेस’ (DRESS, पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा करणारी गंभीर रिअ‍ॅक्शन) झाला असेल, तर हा मार्ग बंदच.

डायलिसिसच्या खुर्चीवर रिअ‍ॅक्शन आली, तर दोष अँटिबायोटिकचाच असेल असंही नाही. एएन६९ नावाचा डायलायझरचा पडदा आणि रक्तदाबाची एसीई इन्हिबिटर गोळी एकत्र आल्यावर हुबेहूब तसाच झटका येतो. कारण शोधताना रिअ‍ॅक्शनवरचा उपचार मात्र लांबवायचा नाही: मांडीत ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन. रुग्ण बीटा-ब्लॉकरवर (रक्तदाब-हृदयाच्या एका औषधावर) असेल तर ते नीट लागू पडत नाही, म्हणून ग्लुकागॉनचं इंजेक्शन हाताशी हवं.